तापलं पाहिजे, पण किती? लहान विमानाचं इंजिन, उष्णता आणि गंज

मराठवाड्याला समुद्र नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून सर्वांत जवळचा किनारा गाठायचा तर सह्याद्री ओलांडून दोनशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. त्यामुळे इथे लहान विमानांचा विषय निघाला की लोक उन्हाची चिंता करतात, गंजाची करत नाहीत. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत विमान गंजणारच, आपल्याकडची हवा कोरडी, इथे कशाला काय गंजतंय, असं सर्रास म्हटलं जातं. विमानाच्या बाहेरच्या पत्र्यापुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. इंजिनाच्या बाबतीत मात्र ते फसवं आहे. इंजिनाच्या आतला गंज बहुतेक वेळा इंजिनाने स्वतः तयार केलेल्या पाण्यामुळे येतो, आणि ते पाणी घालवायला उष्णताच लागते. ज्या उष्णतेपासून इंजिन सांभाळायचं, तिच्याच मदतीने ते गंजापासूनही सांभाळायचं, अशी ही अवघड जागा आहे.

कोणत्या इंजिनाबद्दल बोलतोय ते आधी सांगतो. वैमानिक प्रशिक्षणात सर्वांत जास्त दिसणारी विमानं म्हणजे सेस्ना १५२ आणि सेस्ना १७२. त्यांत बहुधा लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरचं पिस्टन इंजिन असतं. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन थंड होतं ते समोरून येणाऱ्या हवेने आणि आत फिरणाऱ्या ऑइलने. २०१५ आणि २०१९ साली कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी चिकलठाण्याहून उडालेली विमानं आपल्याकडच्या अनेकांना आठवत असतील. ती टर्बोप्रॉप होती, म्हणजे त्यांचा पंखा पिस्टनऐवजी जेटसारखं टर्बाइन फिरवतं. त्यांच्या इंजिनाचं शास्त्र वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

उष्णतेपासून सुरुवात करू.

सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. एक्झॉस्टमधून बाहेर पडणारा वायू ७०० ते ८०० अंशांचा असतो. आणि सिलिंडरचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, बनलेलं असतं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड वितळत नाही, कारण ती भयंकर उष्णता क्षणभरच टिकते आणि धातूत शिरलेली उष्णता बाहेरच्या पातळ पंखांवरून, म्हणजे फिन्सवरून, हवा सतत ओढून नेते. हवेचा हा ओघ कमी झाला की गणित बिघडायला वेळ लागत नाही.

लायकमिंगने हेडच्या तापमानाची कमाल मर्यादा २६० अंश ठेवली आहे. पण इंजिन दीर्घकाळ टिकायचं असेल तर सलग उड्डाणात ते साधारण २०४ अंशांच्या खाली ठेवा, असंही कंपनीच सांगते. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट समजून घ्यायला हवं. ॲल्युमिनियम वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतं. दोनशे अंशांच्या आसपास या मिश्रधातूंची ताकद जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. डोळ्यांना काही दिसत नाही, आवाजात फरक पडत नाही. पण प्रत्येक स्फोटाचा दाब त्या मऊ पडलेल्या धातूवर आदळत राहतो, आणि पुढे कधीतरी स्पार्क प्लगच्या भोकापासून किंवा एक्झॉस्टच्या तोंडापासून बारीक तडा निघतो. म्हणून तापमापकाचा काटा लाल रेषेच्या आत आहे, एवढ्यावर समाधान मानणारा वैमानिक इंजिनाचं आयुष्य खर्ची घालत असतो.

आता यात मराठवाड्याचा मे महिना घाला. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते जणू १७०० मीटर उंचीच्या धावपट्टीवर उभं असतं. परभणी-नांदेडकडे ऊन याहून कडक. विरळ हवेने इंजिनाची ताकद घटते, हे बहुतेकांना माहीत असतं. तीच विरळ हवा फिन्सवरून उष्णताही कमी नेते, हे मात्र पटकन लक्षात येत नाही. ताकद कमी म्हणून वर चढायला वेळ जास्त, चढताना वेग कमी, वेग कमी म्हणून समोरून येणारी हवा कमी. तिन्ही गोष्टी एकाच वेळी विरोधात जातात. त्यामुळे उन्हाळ्यात उड्डाणं भल्या सकाळी उरकणं, जमिनीवर उभं राहून इंजिन फार वेळ न चालवणं, चाचणी घेताना विमानाचं तोंड वाऱ्याकडे करणं, टेकऑफला हवा-इंधनाचं मिश्रण पुस्तकात सांगितलंय तितकं दाट, म्हणजे इंधन जास्त असलेलं, ठेवणं आणि नंतर नाक थोडं खाली घेऊन जास्त वेगाने चढणं, या सवयी इथे ऐच्छिक राहत नाहीत.

थंड करण्याच्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बॅफल. इंजिनाच्या झाकणाला पुढे दोन तोंडं दिसतात, त्यांतून हवा आत येते. ती इंजिनाच्या वरच्या बाजूला कोंडली जाते, तिथे दाब तयार होतो, आणि त्या दाबाने ती फिन्समधून खाली ढकलली जाऊन मागून-खालून बाहेर पडते. हवेला कोंडून ठेवणारे जे पातळ पत्रे असतात आणि त्यांच्या कडेला सिलिकॉन रबराच्या ज्या पट्ट्या असतात, ते बॅफल. रबर जुनं होऊन वळलं, पत्र्याला चीर पडली किंवा वायर गेल्याचं भोक उघडं राहिलं, की हवा तिथूनच निसटते. सोपी वाट सोडून ती दाट फिन्समधून कशाला जाईल? मग चारांपैकी एकच सिलिंडर जास्त तापतो आणि दोष इंधनाला, कार्ब्युरेटरला, कधी तापमापकाला दिला जातो. झाकण बसवून अंधारात आत दिवा लावला की कुठून उजेड बाहेर येतो ते दिसतं. जिथून उजेड येतो तिथून हवाही जाते. विमान काही दिवस उभं राहिलं तर साळुंकीचं घरटं आणि कुंभारीण माशीचं मातीचं घर, दोन्ही शोधायलाच हवीत. फिन्समध्ये बसलेला मातीचा एक गोळासुद्धा तेवढ्या जागेपुरती हवा बंद करतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, प्रश्न आणखी कठीण आहे. तो दर फेरीला तापलेल्या वायूच्या लोटातच उघडतो. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत या व्हॉल्व्हची दांडी पोकळ ठेवून तिच्यात सोडियम भरलेलं असतं. सोडियम ९८ अंशांना वितळतं. इंजिन चालू असताना ते द्रव होऊन दांडीत खालीवर हेलकावतं आणि व्हॉल्व्हच्या डोक्याकडची उष्णता दांडीकडे, तिथून गाइडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, पोहोचवतं. युक्ती सुंदर आहे, पण त्यामुळे गाइड जास्त तापतो, तिथे ऑइल जळून काजळी साचते आणि व्हॉल्व्ह अडकू लागतो. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन थोडा वेळ अडखळतं आणि तापल्यावर सुरळीत होतं, हे त्याचं ठरलेलं लक्षण. गरम झाल्यावर ठीक होतंय म्हणून ते सोडून देऊ नये.

एक्झॉस्टच्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या, काही ठिकाणी इनकोनेल या निकेलच्या मिश्रधातूच्या असतात. त्यांच्याबाबत कारागिरांचा एक कडक नियम आहे: या नळ्यांवर शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. पेन्सिलीतला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि नेमका त्या रेषेवर तडा जाऊ शकतो. जस्त चढवलेली हत्यारंही तिथे वापरत नाहीत, कारण जस्तही तसंच धातूत शिरतं. विमानातले पुष्कळ नट-बोल्ट पिवळसर सोनेरी दिसतात, ती कॅडमियमची चढण, म्हणजे वर चढवलेला पातळ थर. गंजापासून कॅडमियम उत्तम वाचवतं, पण साधारण २३२ अंशांच्या पुढे ते पोलादाला ठिसूळ करू लागतं आणि ३२१ अंशांना वितळतं. म्हणून एक्झॉस्टच्या जोडावर असे नट बसवायचे नाहीत. गंजावरचा उपाय उष्णतेच्या जागी घातक ठरतो, तो असा.

मोटारसायकलवाले सायलेन्सरच्या नळीला गुंडाळतात ती उष्णतारोधक पट्टी विमानात का वापरू नये, असंही विचारलं जातं. पट्टीने आजूबाजूचे भाग वाचतात, पण नळीची स्वतःची उष्णता आतच अडते. विमानाची नळी पातळ असते. ती लवकर जळते, आणि पट्टीखालचा तडा कुणाला दिसत नाही. त्यातून केबिन गरम करण्याची हवा बऱ्याच विमानांत याच एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून येते. तिथे तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड थेट वैमानिकापर्यंत पोहोचतो. मला वाटतं, एवढं कारण पट्टी न गुंडाळण्याला पुरेसं आहे. उष्णता अडवायची असेल तर जवळच्या भागाला कवच द्यावं: इंधन आणि ऑइलच्या नळ्यांवर काचतंतू आणि सिलिकॉनची फायर स्लीव्ह चढवतात, आणि इंजिन व केबिन यांच्यामध्ये फायरवॉल असतेच. त्यासाठी फक्त ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस पत्रा नियमांना चालतो. म्हणून फायरवॉलमधून वायर नेताना पाडलेलं भोक नीट बंद झालंय की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

गंज येतो कुठून

एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. अविश्वसनीय वाटतं, पण हिशेब सरळ आहे: इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याची वाफ होते. सेस्ना १७२ तासाला तीस लिटरच्या वर इंधन जाळते, म्हणजे तासाला तितकंच पाणी. त्यातलं जवळपास सगळं एक्झॉस्टमधून निघून जातं. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि ऑइल असतं त्या भागात, उतरतो आणि वाफही सोबत नेतो. विमानाच्या पेट्रोलमध्ये, ज्याला ॲव्हगॅस १०० एलएल म्हणतात, अजूनही शिसं असतं, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. ते शिसं सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून ब्रोमिनचं एक संयुग मिसळलेलं असतं. त्यातून तयार होणारी द्रव्यं पाण्याशी मिळाली की आम्ल बनतं. हे इंधन पूर्वी आयात व्हायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्यात बनवते.

इंजिन बंद झालं की काय होतं? गरमागरम भाकरी डब्यात घालून झाकण लावलं की थोड्या वेळाने झाकणाला आतून पाणी सुटतं. क्रँककेसमध्ये अगदी तेच घडतं. वाफ असते, धातू थंड होत जातो, आणि वरच्या थंड भागांवर थेंब धरतात. लायकमिंगच्या रचनेत कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारे उंचवटे (कॅम) असलेला दांडा, नेमका वर, क्रँकशाफ्टच्या डोक्यावर असतो. तिथलं ऑइल काही दिवसांत निथळून खाली जातं, धातू उघडा पडतो, आणि त्यावर ते आम्लाचं पाणी बसतं.

इथे मराठवाड्याची हवा मदत करते असं वाटत असेल तर डिसेंबर-जानेवारीची एक रात्र आठवा. दिवसा अंगातला स्वेटर काढायला लावणारं ऊन, पहाटे पारा दहा-बारा अंशांवर. धातूचा मोठा गोळा रात्रभर थंड होतो आणि सकाळी हवा त्याच्या आधी तापते. पावसाळ्यात तर इथलीही हवा दमटच असते. जुलै ते सप्टेंबर ढग खाली, उड्डाणं कमी, विमान हॅंगरमध्ये उभं. गंजाला याहून चांगला हंगाम नाही.

कॅमवर आधी बारीक खळगे पडतात. इंजिन पुन्हा सुरू झालं की त्या खळग्यांच्या कडांवरून टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोहोचवणारा भाग, घासतो, कडा निखळतात, टॅपेटचा पृष्ठभाग सोलपटायला लागतो, आणि पोलादाचा चुरा ऑइलसोबत सगळीकडे फिरतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि ताकद हळूहळू कमी होते. दुरुस्तीसाठी सगळं इंजिन उघडावं लागतं.

यावर लोक एक उपाय करतात जो मला सर्वांत नुकसानीचा वाटतो: विमान बरेच दिवस उभं आहे, तर चला, दहा मिनिटं जमिनीवरच इंजिन चालवून ठेवू. हेतू चांगला असतो. पण दहा मिनिटांत नवीन पाणी तयार होतं, नवीन आम्ल तयार होतं, आणि ते उडून जाण्याइतकं ऑइल काही तापत नाही. इंजिन होतं त्याहून ओलं होऊन बंद होतं. लायकमिंगची सूचना स्पष्ट आहे: निदान ३० दिवसांतून एकदा, सलग एक तास, ऑइलचं तापमान साधारण ७४ ते ९३ अंश राहील असं उड्डाण. पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या श्वासनळीतून, बाहेर पडायला एवढी उष्णता आणि एवढा वेळ लागतो. उड्डाण होणार नसेल तर इंजिनाला हात लावू नये. पंखा हाताने फिरवून ‘तेल पोहोचवणं’ ही दुसरी चुकीची सवय. इंजिन बंद असताना ऑइल पंपाचा दाब नसतो. हाताने फिरवल्यावर सिलिंडरवर उरलेला थर पुसला जातो, एवढंच.

ऑइल बदलण्याचा नियम फिल्टर असलेल्या इंजिनाला ५० तास किंवा चार महिने, जे आधी येईल ते. बरेच जण तास मोजतात आणि महिने विसरतात. जुनं ऑइल काळं झालेलं असतं ते एकवेळ चालेल, पण त्यात आम्ल साठलेलं असतं, आणि आम्लाला उड्डाणांच्या तासांशी काही देणंघेणं नसतं. दोन-तीन महिने विमान उडणारच नसेल तर साध्या ऑइलऐवजी गंजरोधक साठवणीचं ऑइल घालतात, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेल भरलेले पारदर्शक प्लग लावतात, आणि एक्झॉस्ट व ब्रीदरची तोंडं बंद करून त्यावर लाल फिती लटकवतात, म्हणजे काढायचं राहून जात नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओलाव्याने भरलं, बदलायचं. पावसाळ्यात हे वारंवार बघावं लागतं.

धातूवरची चढण

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना इथून पुढचं ओळखीचं वाटेल, कारण मोटारीच्या सुट्या भागांवर ज्या प्रक्रिया तिथे होतात त्यांतल्या बऱ्याच विमानाच्या इंजिनातही आहेत. सिलिंडरची नळी पोलादाची असते. ती साधी ठेवली तर सर्वांत लवकर गंजते. नायट्रायडिंगमध्ये ती अमोनियाच्या वातावरणात पाचशेहून जास्त अंशांवर कित्येक तास ठेवतात. नायट्रोजन पृष्ठभागात मुरतो आणि कातडी कडक होते. झीज कमी होते, गंज मात्र तरीही येतो. कठीण क्रोमची चढण गंज रोखते, पण तिच्यावर ऑइल धरून राहत नाही, म्हणून मुद्दाम बारीक भेगांचं जाळं ठेवावं लागतं. सिलिंडर कोणता आहे हे बाहेरून रंगाच्या खुणेवरून कळतं: निळा म्हणजे नायट्रायडिंग, नारिंगी म्हणजे क्रोम. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण धरून केलेली चढण अलीकडची. रोटॅक्स ९१२ या लहान इंजिनात ॲल्युमिनियमच्या नळीवर तीच असते.

इंजिन ज्या पोलादी नळ्यांच्या चौकटीवर बसतं, तिच्या आतली बाजू गंजू नये म्हणून जुना आणि आजही मान्य असलेला उपाय आहे गरम जवसाच्या तेलाचा. तेल आत फिरवायचं, निथळू द्यायचं, उरलेला थर सुकून पक्का होतो. बाहेरून फिकट रंग द्यावा, म्हणजे तडा गेल्याची काळी रेष दिसते.

सिरॅमिकची उष्णतारोधक चढण पिस्टनवर किंवा एक्झॉस्टवर द्यावी का, यावर माझं मत सावध आहे. झिर्कोनियासारखी सिरॅमिक उष्णता खरोखरच अडवतात. जेट इंजिनांच्या पात्यांवर ती असतात. पण अडलेली उष्णता कुठेतरी जाणारच, आणि निखळलेला कठीण तुकडा ऑइलमध्ये गेला तर नुकसान मोठं. शिवाय प्रमाणित विमानात असा कुठलाही बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम तिथे घरगुती प्रयोगांना जागा देत नाहीत, आणि तेच योग्य आहे.

रोटॅक्सचा उल्लेख आला म्हणून इंधनाबद्दल एक सांगायलाच हवं. एनसीसीच्या हवाई तुकड्यांकडचं व्हायरस एसडब्ल्यू ८० हे मायक्रोलाइट विमान रोटॅक्स ९१२ वर उडतं. हे इंजिन शिसंविरहित पेट्रोलवर चालतं, पण त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून आलेलं असतं. उसाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि तिथे ॲल्युमिनियम व रबर दोन्ही खातं. लायकमिंगला तर इथेनॉल मुळीच मान्य नाही. जवळच्या पंपावरून कॅन भरून आणायचा मोह इथे टाळावाच लागतो.

शेवटी, जुनं विमान घेणाऱ्यांसाठी. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांना संपूर्ण उघडून दुरुस्त करण्याची मुदत २००० तास किंवा १२ वर्षं आहे. जाहिरातीत ‘दहा वर्षांत फक्त ४०० तास’ असं कौतुकाने लिहिलेलं असतं. मला तेवढ्याच वर्षांत १५०० तास नियमित उडालेलं इंजिन जास्त भरवशाचं वाटतं. लॉगबुकात तासांच्या बेरजेऐवजी तारखा वाचा: दोन उड्डाणांमध्ये किती महिने गेले, आणि ते पावसाळ्याचे होते का, तेव्हा साठवणीचं ऑइल घातल्याची नोंद आहे का. फिल्टर कापून आतला कागद उलगडा आणि चुऱ्यावर चुंबक फिरवा. चिकटला तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम किंवा काजळी. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घातला की सिलिंडरच्या नळीवरचा गंज आणि व्हॉल्व्हचा रंग दिसतो. कॅमशाफ्ट मात्र तिथून दिसत नाही, त्यासाठी एखादा सिलिंडर उतरवावा लागतो. मालक त्याला तयार नसेल, तर सौदा करताना नव्या कॅमशाफ्टचा आणि इंजिन उघडण्याचा खर्च आधीच वजा करा.